ग्रीक जलदेवता आणि द्रष्ट्यांची वंशावळ मांडताय? या चुका टाळा

ग्रीक पुराणकथांतल्या पाण्याच्या देवतांची नातीगोती मांडायला बसलेला नवशिका पहिली चूक कागदाच्या माथ्यावरच करतो. तो पोसायडनला सगळ्यात वर बसवतो. समुद्राचा देव म्हणजे समुद्रातल्या सगळ्यांचा बाप, असा त्याचा हिशेब. पोसायडन खरं तर क्रोनसचा मुलगा. भावाभावांच्या वाटणीत समुद्र त्याच्या वाट्याला आला, तेव्हा तिथे दोन घराणी आधीपासून नांदत होती. एक पाँटस या आदिसमुद्राचं. त्याला पृथ्वीदेवी गैआपासून नेरेउस, थाउमास, फोर्किस, केटो आणि युरिबिया झाले. दुसरं ओशेनस आणि टेथिसचं, प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या म्हणण्याप्रमाणे 3000 मुली आणि तितक्याच नद्यांचं. नेरेउसने ओशेनसची मुलगी डोरिस केली, त्यांना 50 मुली झाल्या आणि त्यातली अँफिट्रायटी पोसायडनला दिली. थोडक्यात, पोसायडन या घरचा जावई. त्याला मूळपुरुष करू नका.

टेथिस आणि थेटिस एकच समजू नका. टेथिस आजी, थेटिस नात, मध्ये डोरिस. भूगोलात हिमालयाच्या धड्यात भेटणारा टेथिस समुद्र आजीच्या नावाचा आहे, भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूसने 1893 मध्ये ठेवलेला. अकिलीसची आई ती नात.

आता माझा खास राग.

एका महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी एका हुशार मुलाने द्रष्ट्यांच्या घराण्याचा भलामोठा फ्लेक्स केला होता. पोसायडनचे वंशज निळे, बाकीचे तांबडे. रंग सुरेख, अक्षर सुरेख. पण मेलाम्पस हा द्रष्टा निळा, त्याच्या वंशातला अम्फिआराओससुद्धा निळा, आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: भविष्य जाणण्याची विद्या समुद्रातून आली. मी विचारलं, ‘हे कुठून काढलंस?’ त्याने मोबाईल पुढे केला. त्यात टायरो या राजकन्येच्या नावाखाली एक चौकट होती. जोडीदार: पोसायडन, क्रेथेउस. मुलं: पाच नावं ओळीने. कोण कुणाचा, याचा पत्ता नाही. गड्याने पाचही मुलं पोसायडनच्या पदरात टाकली होती.

होमरच्या ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ही गोष्ट स्वच्छ सांगितली आहे. टायरोचं मन एनिपेउस या नदीदेवावर जडलं होतं. पोसायडन त्या नदीचं रूप घेऊन आला आणि मुखापाशी डोंगराएवढी लाट दोघांवर कमानीसारखी उभी राहिली. त्यातून पेलियास आणि नेलेउस झाले. ईसन, फेरीस आणि अमिथाऑन हे तिला क्रेथेउसपासून झाले, म्हणजे माणसाचे मुलगे. मेलाम्पस हा अमिथाऑनचा. पोसायडन त्याच्या आजीच्या आयुष्यात येऊन गेला एवढंच, रक्ताचा संबंध शून्य. विद्येचं म्हणाल तर अपोलोडोरसच्या ग्रंथात ती सापांकडून येते. मेलाम्पसने वाढवलेल्या सापांनी झोपेत त्याचे कान चाटले आणि त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागली. समुद्र कुठे आला यात?

मुलगा म्हणाला, ‘सर, एका पिढीचाच तर फरक आहे.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्या न्यायाने ईसनही पोसायडनचा मुलगा आणि जेसन नातू ठरतो. मग पेलियासने क्रेथेउसच्या घरची गादी बळकावली, या तक्रारीत दम काय राहिला? पेलियासने जेसनला सोनेरी लोकर आणायला धाडलं, ती अख्खी मोहीम त्या तंट्यावर उभी आहे. शेवटी फ्लेक्सवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या डकवल्या. निळ्यावर त्या लांबूनही दिसत होत्या.

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे नाही. मी आधी आई लिहितो, शाईने. बाप पेन्सिलीने, आणि शेजारी कवीचं नाव. या कथांत आईबद्दलही वाद असतात, पण बापाबद्दल भांडणं फार. आईखाली प्रत्येक बापाची वेगळी फांदी काढली की टायरोसारखा घोटाळा होतच नाही. चौकटी उतरवून वंशावळ होत नसते. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ बारा ऑलिंपियन देवांवर फ्लेक्स करावा.

दुसरी चूक: वेगवेगळ्या कवींची माणसं एका घरात कोंबणं. प्रोटेउस घ्या. होमरचा प्रोटेउस फारोस बेटापाशी सील मोजणारा समुद्रातला म्हातारा, मुलगी आयडोथिया. हेलनचा नवरा मेनेलाऊस याला ती सीलच्या कातड्याखाली लपवते आणि दुर्गंधीने जीव जाऊ नये म्हणून नाकाशी अमृत लावते. युरिपिडीसच्या ‘हेलन’ नाटकात (इ. स. पू. 412) प्रोटेउस हा इजिप्तचा राजा, तोही मेलेला, रंगमंचावर नुसतं थडगं. बायको नेरेउसची मुलगी सामाथे, मुलगा थिओक्लिमेनस, मुलगी थिओनोई. इथे मात्र विद्या खरंच समुद्रातून आली आहे. थिओनोईला ती आजोबांकडून, नेरेउसकडून मिळाली, असं नाटक स्पष्ट सांगतं. निळा रंग द्यायचा तर इथे द्या.

यातला थिओक्लिमेनस द्रष्टा नाही, हेलनच्या मागे लागलेला उर्मट राजा आहे. द्रष्टा थिओक्लिमेनस ‘ओडिसी’तला, पॉलिफेडीसचा मुलगा, मेलाम्पसचा पणतू. दोघांना एक करून ‘प्रोटेउसचा द्रष्टा मुलगा’ लिहिलेलं मी इतक्यांदा वाचलंय की आता लाल पेन आपोआप हातात येतं.

सामाथेची आणखी एक गंमत. ती आधी एआकस राजाबरोबर होती, त्यांचा मुलगा फोकस. एआकसचा दुसरा मुलगा पेलेउस, आणि त्याची बायको सामाथेचीच बहीण थेटिस. म्हणजे बहीण झाली सावत्र सून. हेसिओड ही दोन्ही नाती लागोपाठ सांगतो, तेव्हा हा घोळ नव्हे. ‘कुठेतरी चुकलंय’ म्हणून फांदी छाटू नका.

आपल्याकडे नात्यांना नेमके शब्द आहेत, ते वापरा. ‘कझिन’ लिहून सुटका करून घेऊ नका. थाउमास नेरेउसचा भाऊ आणि त्याची बायको इलेक्ट्रा डोरिसची बहीण. म्हणून आयरिस आणि हार्पी या थेटिसच्या चुलतबहिणी, आणि मावसबहिणीही. आंधळ्या फिनेउस द्रष्ट्याचं अन्न नासवणाऱ्या हार्पी त्याच. ‘इलियड’च्या शेवटच्या सर्गात थेटिसला बोलवायला समुद्रात उडी घेते ती आयरिस तिची दुहेरी बहीण आहे, हे मांडणी नीट केली की दिसतं. आणि स्टिक्स ही पाताळातली नदी ओशेनसची थोरली मुलगी, म्हणजे थेटिसने बाळ अकिलीसला बुडवलं ते सख्ख्या मावशीत! मात्र ते बुडवणं रोमन कवी स्टेशियसकडे सापडतं, होमरकडे नाही. पेन्सिलीने नोंदवा.

बाकीच्या चुका भराभर. ही इलेक्ट्रा आगामेम्नॉनची मुलगी नव्हे. नेलेउस (पोसायडनचा मुलगा) आणि नेरेउस यांत एका अक्षराचा फरक आहे, चष्मा लावून लिहा. पेलियास आणि पेलेउस, तेच. टायरेसियस द्रष्ट्याची आई कॅरिक्लो अप्सरा. कायरॉनच्या बायकोचं नावही कॅरिक्लो, म्हणून दोघींना लगेच एक करू नका.

ग्लॉकस कुठला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अँथेडॉनचा कोळी वनस्पती खाऊन समुद्रदेव आणि भविष्यवेत्ता झाला. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’मधली भविष्य सांगणारी सिबिल डेइफोबी ही ग्लॉकसची मुलगी. मायनॉस राजाचा मुलगा ग्लॉकस वेगळा. त्याला पॉलिइडस द्रष्ट्याने विद्या शिकवली आणि निघताना आपल्या तोंडात थुंकायला लावून ती परत घेतली.

मॉप्सस दोन, दोघेही द्रष्टे. लिबियात साप चावून मेला तो अम्पिक्सचा, जेसनबरोबर गेलेला. झाडावरची अंजिरं अचूक सांगून काल्कस द्रष्ट्याला हरवलं तो टायरेसियसची मुलगी मांटो हिचा, म्हणजे टायरेसियसचा नातू.