परदेशातली बातमी आली की काउंटरवर काय बोलायचं

नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतला आमचं खत-औषधांचं दुकान आहे. कांद्याच्या लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर लावून आलेला माणूस नंबर लागेपर्यंत आमच्याकडे टेकतो आणि मोबाइलवरची बातमी वाचून दाखवतो. "वहिनी, इराणने समुद्र बंद केला म्हणे. माल काढू का ठेवू?" साठवणीच्या चाळीत दोनशे क्विंटल कांदा भरलेला असतो, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं, आणि माझ्या तोंडून जे निघेल ते संध्याकाळपर्यंत त्याच्या गावच्या पारावर पोचतं. म्हणून जगाच्या बातमीवर मी कशी बोलते ते सविस्तर लिहिते. ज्याला चार माणसं विचारतात अशा प्रत्येकासाठी हे आहे, मग तो शिक्षक असो, ग्रामपंचायत सदस्य असो की भावकीतला थोरला.

बातमी समोर आली की आधी तिची पहिली ओळ वाचा, मथळा नंतर. तिथे गावाचं नाव असतं आणि पुढे 'वृत्तसंस्था' असं छापलेलं असतं. आपल्या मराठी पेपरांचा बातमीदार काही तेहरानला किंवा कीव्हला बसलेला नसतो. ती बातमी रॉयटर्स, एपी, एएफपी किंवा आपल्या पीटीआयकडून येते आणि इथे तिचं मराठी होतं. त्यामुळे पाच चॅनेलांवर एकच गोष्ट दिसली म्हणजे पाच साक्षीदार झाले असं होत नाही, बहुतेक वेळा साक्षीदार एकच असतो. कुणी म्हणालं "सगळीकडे दाखवतायत", तर मी विचारते, "मूळ कुणाचं आहे?" जिच्यात गाव नाही, तारीख नाही, सांगणाऱ्याचं नाव नाही, तिच्यावर मत द्यायचं नाही. "याच्यात काहीच धड नाही, दुसरीकडे आलंय का बघा," एवढं म्हणायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खत द्यायचं.

मग घडलंय काय आणि नुसतं बोललंय काय, ते वेगळं करा. जून 2025 चं उदाहरण घ्या. 13 तारखेला इस्राएलने इराणवर हल्ला केला, 22 तारखेला अमेरिकेने इराणच्या तीन अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्याच दिवशी होर्मुझची सामुद्रधुनी बंद करायला इराणच्या संसदेने पाठिंबा दिला. जगातल्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या पाण्यातून जात होता, तेव्हा काळजी वाटणं बरोबरच होतं. पण आमच्याकडे बातमी पोचली ती "बंद केली" अशी, आणि लोक डिझेलचे कॅन घेऊन पंपावर निघाले. संसदेने पाठिंबा दिला होता, शेवटचा निर्णय त्यांच्या सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेकडे होता, आणि जहाजं जात होती. 24 तारखेला युद्धविराम झाला, सामुद्रधुनी तेव्हा बंद झालीच नाही. अशा वेळी मी जे झालंय तेवढंच सांगते: "मामा, ठराव झालाय, पाणी चालू आहे. उद्या परत बघू." इशारा, ठराव, मंजुरी, आदेश आणि अंमल या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. बातमी कोणत्या पायरीवर उभी आहे ते ओळखता आलं की निम्मी घबराट तिथेच बसते.

कांद्याच्या बाबतीत याच पायऱ्या पैशात मोजल्या जातात, म्हणून इथे जास्त वेळ देते.

फेब्रुवारी 2024. निर्यातबंदी चालू होती. शनिवारी 17 तारखेला लासलगावला सरासरी भाव क्विंटलला 1,280 रुपये होता. रविवारी बातमी फिरली की केंद्राने बंदी उठवली. सोमवारी, 19 ला, तोच भाव 1,800 झाला. मंगळवारी केंद्राचे ग्राहक व्यवहार सचिव रोहितकुमार सिंह यांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, 31 मार्चपर्यंत ती आहे तशीच राहील. पुढे मार्चमध्ये ती आणखी लांबली आणि प्रत्यक्षात उठली 4 मेला. त्या सोमवारी बाजार जो चढला, त्याच्याखाली एकही सरकारी कागद नव्हता.

म्हणून कांद्याची बातमी आली की पहिला प्रश्न: अधिसूचना निघाली का, आणि कुणाची? बंदी घालणं, उठवणं आणि किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली माल परदेशी विकता येत नाही तो भाव) ठरवणं हे काम विदेश व्यापार महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीएफटीचं. निर्यातशुल्क लावणं किंवा काढणं हे अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचं. दोन्हींच्या अधिसूचना त्यांच्या संकेतस्थळांवर निघाल्या निघाल्या टाकल्या जातात, पीडीएफ मोबाइलवर उघडते. घरातल्या कॉलेजच्या पोराला ते काढायला शिकवा. अधिसूचनेला नंबर असतो, तारीख असते, आणि ती कधीपासून लागू ते लिहिलेलं असतं. मंत्र्याचं भाषण, खासदाराचं पत्र, शिष्टमंडळाची भेट, यातलं काहीही अधिसूचना नाही.

आणि कागद पूर्ण वाचा, पहिल्या ओळीवर थांबू नका. 7 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने बंदी आली, पण ज्यांचा माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात गेला होता किंवा जहाजावर चढायला लागला होता, त्यांना सवलत होती. दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा रस्ता अडवला गेला, आणि तो संताप खरा होता. पण त्याच दिवशी ज्याचा कंटेनर न्हावाशेवा बंदरात उभा होता त्याला खालच्या परिच्छेदाची गरज होती, घोषणांची नव्हती. 4 मे 2024 लाही तसंच. "बंदी उठली" एवढंच सगळ्यांनी ऐकलं, पण सोबत टनाला 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क होतं, म्हणजे दार किलकिलं झालं होतं. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. या तारखा मी काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवल्यात. कुणी "सरकारने सगळं केलं" किंवा "काहीच केलं नाही" म्हणालं की मी काचेवर बोट ठेवते.

बातमी खरी निघाली तरी समोरच्याच्या हातात काय आहे ते विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका. लाल कांदा ठेवायचा माल नाही, त्याला पाणी जास्त, दोन-तीन आठवड्यांत कोंब आणि सड सुरू होते. त्याला "थांबा, भाव वाढेल" म्हणणं म्हणजे त्याचा माल चाळीत कुजवणं. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने निघतो, तिथे थांबण्याला अर्थ असू शकतो. त्यातही मी "अर्धा काढा, अर्धा ठेवा" एवढ्यावर येते, कारण पुढचा निर्णय दिल्लीत कधी होईल ते इथल्या कुणालाच माहीत नसतं.

त्यानंतरचं काम म्हणजे दूरची घटना कोणत्या वाटेने आपल्या शिवारात येते ती वाट शोधणं. नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, युरोपात रॉटरडॅमला पोचायला दीड-दोन आठवडे जास्त लागू लागले, भाडं चढलं. आमच्याकडे द्राक्षाचा निर्यात हंगाम जानेवारी ते एप्रिल. शीत कंटेनरमधलं थॉमसन जातीचं द्राक्ष इतके दिवस टिकवायचं तर काढणी, साखर, देठाचा हिरवेपणा, सगळ्याचा हिशेब बदलतो. ज्याची बाग निर्यातीची नाही त्यालाही ती बातमी लागू पडते, कारण परदेशी न गेलेला चांगला माल देशी बाजारात येतो आणि भाव दाबतो. युक्रेनवर 24 फेब्रुवारी 2022 ला हल्ला झाला तेव्हा वाट दुसरी होती: एकीकडे सूर्यफूल तेल, दुसरीकडे पोटॅश खत. पोटॅश आपण सगळं बाहेरून आणतो, रशिया आणि बेलारूस त्याचे मोठे उत्पादक. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर लावला, तेव्हा लोक द्राक्षाची चिंता करत आले. मी सांगितलं, आपलं द्राक्ष मुख्यतः युरोपात जातं, त्याला थेट धक्का नाही, खरा मार आंध्रच्या कोळंबीवाल्याला आणि तिरुपूरच्या कपडेवाल्याला आहे.

वाट सापडली नाही तर ओढूनताणून काढायची गरज नाही. सगळ्या जगाचा आपल्या भावाशी संबंध असलाच पाहिजे असं कुठे आहे? माणसं मेली, घरं गेली, एवढंही बोलायला पुरेसं कारण आहे.

हे मला बांगलादेशच्या वेळी फार जाणवलं. 5 ऑगस्ट 2024 ला तिथल्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या आणि आपले कांद्याचे ट्रक सरहद्दीवर अडकले. बांगलादेश तेव्हा आपल्या कांद्याचा फार मोठा गिऱ्हाईक होता. दुकानात एक तरुण शेतकरी म्हणाला, "बरी जिरली त्यांची." मी त्याला तिथेच बसवलं. म्हटलं, "भाऊ, आपला माल तिकडे कोण खातं? तिथली बाई तुझाच कांदा चिरते. आणि तो अडकलेला ट्रक चालवणारा कुठला आहे? आपल्याच जिल्ह्यातला असेल, दोन दिवस गाडीत झोपला असेल." तो गप्प बसला, मग त्याच्या मावसभावाचीच गाडी त्या रांगेत असल्याचं त्याने सांगितलं. मी त्याला फोन लावायला लावला. ड्रायव्हरने सांगितलं की जेवण मिळतंय, वरच्या गोण्या भिजल्यात, दोन-तीन दिवसांत फाटक उघडेल असं तिथले लोक म्हणतात. त्या फोनने आम्हाला कुठल्याही चॅनेलपेक्षा जास्त कळलं. जिथे आपला माणूस आहे तिथली बातमी त्याच्याकडूनच घ्या, आणि त्याला आधी "कसा आहेस" विचारा, भाव नंतर.

युद्धाच्या चित्रफितींबद्दल मी कडक आहे. नाशिक म्हणजे देवळालीची तोफखाना प्रशिक्षण शाळा, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना, आणि निफाड, सिन्नर, दिंडोरीतल्या कितीतरी घरांत फौजेतला मुलगा. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत जुन्या लढायांच्या, दुसऱ्याच देशांतल्या, इतकंच काय व्हिडिओ गेममधल्या चित्रफिती आजची लढाई म्हणून फिरत होत्या. ज्या आईचा मुलगा सरहद्दीवर आहे ती असली एक फीत बघून रात्रभर जागी राहते. म्हणून माझा नियम: फीत आली की थांबवा, एका चित्राचा स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्समध्ये टाका. जुनी असेल तर बऱ्याचदा मिनिटात सापडते. पाट्यांवरची लिपी, झाडं, माणसांचे कपडे बघा. गेममधला धूर आणि स्फोट फार नेटके असतात, कॅमेरा हलतो पण कुणाचा श्वास, कुणाची हाक ऐकू येत नाही. सापडलं नाही तरी पुढे पाठवू नका. आणि महामार्गावरून लष्कराच्या गाड्या जाताना दिसल्या किंवा ओझरवरून विमान उडालं तर मोबाइल खिशात ठेवा. एप्रिल 2025 मध्ये केंद्राने माध्यमांनाच सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं होतं, ते आपल्यालाही लागू आहे.

पक्षाचा वाद निघाला की मी निर्णयावर बोलते, नेत्यावर नाही. "शुल्क लावलं ते चुकलं" हे मी कोणत्याही सरकारबद्दल म्हणू शकते आणि म्हणते. 2019 च्या सप्टेंबरातली बंदी, 2020 च्या सप्टेंबरातली, 2023 च्या डिसेंबरातली, तिन्ही वेळी शहरातल्या खाणाऱ्याला स्वस्त मिळावं म्हणून पिकवणाऱ्याच्या खिशात हात घातला गेला, असं माझं ठाम मत आहे. पण समोर आजोबांच्या वयाचा माणूस दुसऱ्या बाजूचा असेल तर मी आधी विचारते, "नाना, तुम्हाला यातलं काय पटलं?" ते पाच मिनिटं बोलतात. त्यांना बोलू द्यावं. शहरात मुलगा नोकरीला आहे, त्याला साठ रुपये किलोने कांदा परवडत नाही, असं एकदा नानांनीच सांगितलं आणि मला त्याला उत्तर देताना माझं म्हणणं नीट मांडावं लागलं. जातीवर, धर्मावर गाडी गेली की मात्र मी विषय तोडते: "दुकानात हे नाही." हे स्पष्ट आणि पहिल्याच वाक्याला म्हणावं, उशीर केला की दुसरा माणूसही चिडून बोलायला लागतो.

वेळेचंही भान ठेवा. वॉशिंग्टनची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. तिथल्या घोषणा आपण झोपेतून उठून अर्धवट वाचतो आणि सहा वाजता गावभर सांगतो, तोवर तिकडे त्यात बदलही झालेला असतो. मी सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकते, मग पेपर, मग दुकान. रात्री आलेल्या बातमीवर कुणी फोन केला तर उत्तर ठरलेलं आहे: "सकाळी लिलावाआधी या, तोवर कागद बघून ठेवते." नऊ वाजता तो आला की पीडीएफ त्याच्याच मोबाइलवर उघडून देते, नंबर आणि तारीख त्यालाच मोठ्याने वाचायला सांगते. पारावर सांगायला तो जाणार आहे, तेव्हा वाचलेलंही त्याचंच असायला हवं.