शब्दाचा अभ्यास कसा करावा: आधी वाक्ये, मग कोश

शब्दांचा अभ्यास करायला बसलेला नवखा माणूस सर्वांत आधी कोश उघडतो, आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतो. छापलेला अर्थ एकदा डोक्यात बसला की पुढच्या प्रत्येक वाक्यात तोच दिसू लागतो. म्हणून आधी वाक्ये जमवा, मग कोश पाहा आणि व्युत्पत्ती शेवटी ठेवा.

पहिला शब्द रोजच्या वापरातला घ्या, आणि शक्यतो नाम घ्या. ‘लागणे’सारख्या क्रियापदाच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका; भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, वेड लागते, दार लागते, आणि हे सगळे आवरताना हौस फिटते. इथे उदाहरणाला ‘दप्तर’ घेऊ.

या शब्दाची निदान पन्नास वाक्ये गोळा करा. ती एकाच ठिकाणची नसावीत: वर्तमानपत्र, सरकारी पत्रव्यवहार, जुने छापील कागद, कथा-कादंबऱ्या आणि कानावर पडलेले बोलणे, असे चार-पाच प्रकार हवेत. एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहा, तेही पूर्ण. शब्द ज्या रूपात आला त्याच रूपात उतरवा. खाली उगम, साल आणि पान लिहा; बोलण्यातले वाक्य असेल तर गाव आणि बोलणाऱ्याचे अंदाजे वय लिहा. अर्थ मात्र अजून लिहायचा नाही. अर्धे वाक्य उतरवले की क्रियापद आणि लिंग हरवते आणि ती चिठ्ठी पुढे कामाची राहत नाही. स्वतः रचलेली वाक्येही चालणार नाहीत, कारण मनात जो अर्थ आधीच धरलेला असतो तोच त्यांत उतरतो.

संगणकावर मजकूर शोधताना मूळ रूप टाकून भागत नाही. ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीत’ सापडत नाही, ‘घोडा’ शोधला तर ‘घोड्याला’ सापडत नाही. सामान्यरूप वेगळे शोधा. ‘दप्तर’च्या बाबतीत ‘दफ्तर’ हे लेखनही शोधावे लागेल.

आता चिठ्ठ्यांचे गठ्ठे करा. गठ्ठा अर्थावरून पाडू नका, शब्दाच्या सोबतीला काय येते त्यावरून पाडा. दप्तर भरणे, दप्तर पाठीला लावणे हा एक गठ्ठा. दप्तरी दाखल करणे, दप्तर तपासणे हा दुसरा. दप्तरदिरंगाई तिसऱ्यात जाते. तिथे पिशवीही नाही आणि नुसते कागदही नाहीत, कचेरीचा कारभार आहे. काही चिठ्ठ्या दोन्हीकडे बसतील, उदाहरणार्थ ‘दप्तर बांधले’. त्या फेकू नका, सर्वांत मोलाच्या त्याच. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर रुमालांत बांधून ठेवलेले आहे. कागद, मग कागदांचे बासन, मग पाठीवरची पिशवी असा अर्थाचा प्रवास या दुहेरी वाक्यांतून उलगडतो. हिंदीत मात्र याच शब्दाचा अर्थ ‘कचेरी’कडे गेला. दोन भाषांतला शब्द एकच म्हणून अर्थही एकच धरू नये. मराठी ‘शिक्षा’ आणि हिंदी ‘शिक्षा’ शेजारी ठेवून पाहा.

गठ्ठे पडले की प्रश्न येतो: हा अनेक अर्थांचा एक शब्द आहे, की सारखे दिसणारे दोन शब्द? लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप तपासा. ‘ती माळ, माळा, माळेत’ आणि ‘तो माळ, माळावर’ हे उघडच दोन शब्द आहेत. पण ही कसोटी डोळे झाकून लावू नका. ‘वेळ’ पाहा: ‘फार वेळ गेला’ आणि ‘जायची वेळ झाली’. लिंग बदलले, तरी दोन्हींचे मूळ संस्कृत ‘वेला’ हेच. पुल्लिंगी वेळ म्हणजे कालावधी, स्त्रीलिंगी वेळ म्हणजे नेमका क्षण किंवा ठरलेला प्रसंग. एकाच शब्दाच्या दोन अर्थांनी इथे दोन लिंगे वाटून घेतली आहेत. त्यामुळे लिंगभेद दिसला की लगेच दोन नोंदी करू नका, अर्थांत दुवा आहे का ते आधी बघा.

समानार्थी शब्दांना अदलाबदलीची कसोटी पुरते. डोळे येतात, नेत्र येत नाहीत. दान नेत्रांचे होते. आणि देखावा नयनरम्य असतो. कुठे बदल चालतो आणि कुठे कान खटकतो, तेवढे नोंदवा.

आता कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) एकोणिसाव्या शतकातल्या वापरासाठी पाहा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (सात विभाग, १९३२ ते १९३८) अवतरणांसाठी आणि बोलींसाठी. तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा १९९९चा कोश जुन्या मराठीसाठी. शब्द सापडला नाही की नवखे लोक ‘कोशात नाही’ असे लिहून मोकळे होतात. बहुतेकदा चूक लेखनाची असते. १९६२च्या नियमांआधी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ असे अनुस्वार देत आणि ‘कवि’, ‘मूर्ति’ असे ऱ्हस्व लिहीत. त्या रूपांनी पुन्हा शोधा. दाते-कर्वे कोशातले (व.), (गो.), (कु.) हे संक्षेपही वगळू नका, शब्द वऱ्हाडी, गोव्याकडचा की कुडाळी ते त्यांवरून कळते. संक्षेपांची यादी आधी वाचून घ्या. कंटाळवाणे काम आहे, पण टाळता येत नाही.

व्युत्पत्तीत सगळ्यात जास्त घसरायला होते. पायांनी मळतात म्हणून ‘पाव’, ही गोष्ट अजून सांगितली जाते. शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला आहे आणि त्याचा अर्थच भाकरी-ब्रेड असा आहे. ध्वनी जुळला एवढ्यावर थांबू नका, तसाच बदल झालेले आणखी तीन शब्द दाखवा. हस्त–हत्थ–हात असेल, तर सप्त–सत्त–सात, कर्ण–कण्ण–कान, भक्त–भत्त–भात ही रांगही उभी राहते. ‘क्ष’ मात्र फसवा आहे: क्षेत्राचे शेत झाले आणि क्षीराची खीर, तेव्हा तिथे दोन्ही बाजूंचे दाखले लागतील. परक्या शब्दाच्या बाबतीत तो कोणत्या वाटेने आला असू शकतो तेही पाहा. ‘मेज’ फारसीतही आहे आणि पोर्तुगीजमध्ये ‘मेझा’ आहे. निर्णायक जुना दाखला हाती नसेल तर दोन्ही शक्यता लिहा.

शेवटी नोंद लिहा: शब्द, लिंग, सामान्यरूप, मग वापराच्या काळानुसार अर्थ. प्रत्येक अर्थाखाली चिठ्ठीतले एक खरे वाक्य सालासह द्या. ज्या अर्थाला एकही वाक्य मिळाले नाही तो कोशात असला तरी तुमच्या नोंदीत वेगळी खूण करून ठेवा, आणि कुठल्याच गठ्ठ्यात न बसलेल्या चिठ्ठ्या नोंदीच्या मागे टाचून ठेवा.