जहाजावर चढण्याआधी फोन कसा तयार करावा: क्रूझ-प्रवासासाठी उपयोगी अ‍ॅप

वास्कोत सड्यावर राहणाऱ्या आम्हा लोकांना मुरगाव बंदरात लागलेली प्रवासी जहाजे ऑक्टोबरपासून मेपर्यंत घराच्या गच्चीवरून दिसतात, आणि आमच्या वाड्यात निदान एक तरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेला माणूस, नसलेले घर शोधावे लागेल. असे असूनही प्रवासी म्हणून क्रूझवर जाण्याची वेळ आमच्या कुटुंबावर पहिल्यांदा आली, तेव्हा मी फोनमध्ये डझनभर अ‍ॅप भरून ठेवली होती. शेजारच्या काकांनी, ज्यांचे अर्धे आयुष्य क्रूझ जहाजांच्या केबिन आवरण्यात गेले, तो फोन हातात घेऊन पाहिला आणि एवढेच सांगितले, "दर्यांत रेंज ना, बाय, कितें घेवपाचें तें हांगाच घे." जे काही घ्यायचे ते किनाऱ्यावर असतानाच घे, हे त्यांचे सांगणे या लेखाचा पाया आहे. क्रूझसाठी अ‍ॅप निवडताना त्याची कीर्ती किती, यापेक्षा इंटरनेट नसताना ते काय करू शकते हे आधी पाहावे, आणि कोणते काम घरी उरकायचे, कोणते बंदरावर व कोणते जहाजावर, हा क्रम ठरवून घ्यावा.

पहिली पायरी: तारीख आणि समुद्र पाहणे

पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबई-गोवा-कोची-लक्षद्वीप अशा सफरी पावसाळ्याबाहेरच आखाव्यात. तारीख नक्की करण्याआधी वाऱ्याचा आणि लाटांचा स्वभाव समजून घेण्यासाठी 'विंडी' हे अ‍ॅप चांगले आहे, कारण त्यात वाऱ्याची दिशा, लाटांची उंची आणि दूरच्या वादळातून चालत आलेली लांब लाट या गोष्टी नकाशावर वेगवेगळ्या थरांत पाहता येतात. मात्र असा अंदाज काही दिवसांपुरताच भरवशाचा असतो. तीन महिन्यांनंतरच्या सफरीची तारीख त्यावरून ठरवू नये, त्यासाठी ऋतूचाच विचार करावा. निघण्याच्या आठवड्यात भारतीय हवामान विभागाचे 'मौसम' आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे 'समुद्र' ही दोन सरकारी अ‍ॅप पाहावीत. दुसरे अ‍ॅप मुख्यत्वे मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या लोकांसाठी आहे, पण उंच लाटांचा इशारा त्यात मिळतो आणि तो प्रवाशालाही तितकाच उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: जहाज आणि केबिन निवडणे

तिकीट काढताना बहुतेक लोक फक्त किंमत पाहतात. माझ्या मते केबिनची जागा किमतीइतकीच महत्त्वाची आहे. 'क्रूझमॅपर'सारख्या संकेतस्थळावर जहाजाचे मजलेवार नकाशे पाहता येतात. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाजवळची केबिन घ्यावी, कारण हेलकावे पुढच्या व मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर अधिक जाणवतात. नकाशात आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे हेही तपासावे. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा पायाखाली नाचगाण्याचे सभागृह असेल, तर वृद्ध माणसांची झोप होत नाही. त्याच संकेतस्थळावर जहाजाचा इतिहासही कळतो. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज, उदाहरणार्थ, 1990 साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने सेवेत आले होते. जहाज जुने असणे हा दोष नव्हे, पण केबिन किती ऐसपैस असतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पैसे भरण्याआधी एक काळजी घ्यावी. अ‍ॅप नेहमी प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच उतरवावे, प्रकाशकाचे नाव वाचावे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या "सवलतीच्या क्रूझ"च्या दुव्यावरून कोणतीही फाइल फोनमध्ये बसवू नये. फसवणूक झालीच, तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तिसरी पायरी: कागदपत्रे

देशांतर्गत सफरीला सरकारी ओळखपत्र लागते, परदेशी बंदराला जाणाऱ्या सफरीला पासपोर्ट लागतो आणि लक्षद्वीपला भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. तो परवाना कंपनी काढून देणार की आपण काढायचा, हे तिकीट काढतानाच विचारावे. 'डिजिलॉकर' फोनमध्ये असावे, पण ते उघडायला इंटरनेट लागते, आणि बंदराच्या शेडमध्ये शेकडो माणसे एकाच वेळी फोन काढतात तेव्हा नेटवर्क मंदावते. म्हणून तिकीट, वेब चेक-इन नंतर मिळालेला बोर्डिंग पास, विमा आणि ओळखपत्रे यांच्या पीडीएफ प्रती फोनच्या एकाच फोल्डरमध्ये उतरवून ठेवाव्यात, आणि मूळ कागद पिशवीत न्यावेतच. सामानाला लावायच्या चिठ्ठ्या कंपनीने पाठवल्या असतील, तर त्या घरूनच छापून न्याव्यात.

चौथी पायरी: घरच्या वाय-फायवर फोन भरणे

या पायरीला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी.

'गूगल मॅप्स' उघडून प्रत्येक बंदराच्या शहराचा परिसर ऑफलाइन वापरासाठी उतरवून घ्यावा. उतरवलेल्या नकाशावर वाहनाचा रस्ता दिसतो, पण पायी चालण्याचा मार्ग आणि बसची माहिती मिळत नाही, ही त्याची मर्यादा आहे. चालत फिरण्यासाठी म्हणून 'ऑरगॅनिक मॅप्स' सोबत ठेवावे. ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालते, विनामूल्य आहे आणि पायवाटाही दाखवते. आपण कुठे उभे आहोत हे फोनला उपग्रहांकडून कळते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही, त्यामुळे फोन फ्लाइट मोडवर असतानाही निळा ठिपका आपल्याबरोबर चालतो. नकाशा उतरवला की पाहायच्या जागांवर तिथेच खुणा करून ठेवाव्यात. आम्ही कोचीसाठी खुणा केल्या तेव्हा फोर्ट कोचीतल्या चिनी जाळ्यांच्या आधी मट्टनचेरीतल्या तिरुमल देवस्थानाची खूण केली, कारण सोळाव्या शतकात गोवा सोडून गेलेल्या सारस्वतांचे ते देऊळ आहे आणि त्या भागात आजही कोकणी ऐकू येते. सासूबाईंना साऱ्या सफरीत सर्वांत जास्त आनंद तिथे झाला.

'गूगल ट्रान्सलेट'मध्ये लागणाऱ्या भाषा उतरवता येतात. परदेशी बंदर असेल तर चलनाचा हिशोब करणारे 'एक्सई' घ्यावे. ते शेवटचा दर साठवून ठेवते. मुलांसाठी चित्रपट आणि गाणी आधीच उतरवावीत.

पाचवी पायरी: बंदर गाठणे

गोव्यातून चढणाऱ्या पाहुण्यांनी ही पायरी नीट वाचावी. गोव्यात दोन विमानतळ आहेत: दाबोळी आणि मोपा. तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये दाबोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स अशी अक्षरे दिसतात. दाबोळी मुरगाव बंदरापासून अगदी जवळ आहे. मोपा पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला, म्हणून तिथे उतरणाऱ्याने म्हापसा-पणजीची रहदारी आणि झुआरी पूल धरून भरपूर वेळ हाताशी ठेवावा. टॅक्सीसाठी 'गोवामाइल्स' हे अ‍ॅप 2018पासून चालू आहे आणि त्यात भाडे आधीच दिसते.

आणखी एक घोळ टाळावा. नकाशात "गोवा क्रूझ" एवढेच शोधले, तर पणजीत मांडवीच्या काठी संध्याकाळी निघणाऱ्या नदीतल्या बोटींचे धक्के पुढे येतात. पुण्याहून आलेले आमचे नातेवाईक असेच पणजीला जाऊन उभे राहिले होते आणि तिथून वास्को गाठेपर्यंत सर्वांचा जीव टांगणीला लागला. मुरगाव बंदराच्या क्रूझ टर्मिनलची खूण आदल्या दिवशीच नकाशावर करून ती टॅक्सीवाल्याला दाखवावी.

सहावी पायरी: जहाजावर पाऊल ठेवताच

गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजात जाण्याचा जिना, ओलांडला की तीन गोष्टी लगेच कराव्यात. पहिली, जहाज सुटण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकून केवळ वाय-फाय चालू करावे. किनारा मागे पडला की अनेक जहाजांवर उपग्रहाद्वारे चालणारे सागरी मोबाइल नेटवर्क सुरू होते, फोन आपणहून त्याला जोडला जातो, आणि त्याचे दर नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये बहुधा धरलेले नसतात. पार्श्वभूमीला चालणारी अ‍ॅपही तेवढ्यात बिल वाढवतात. ही एकच सवय लावून घेतली तरी या लेखाचे काम झाले, असे मी मानते.

दुसरी, घड्याळ. फोनची वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करून जहाजाची वेळ हाताने लावावी. कोलंबोची वेळ भारताएवढीच आहे, पण मालदीवची अर्धा तास मागे आहे, आणि जहाज स्वतःची कोणती वेळ पाळणार हे कप्तान ठरवतो. किनाऱ्यावरच्या टॉवरने फोनची वेळ बदलली आणि आपण त्या वेळेच्या भरवशावर फिरत राहिलो, तर जहाज चुकू शकते.

तिसरी, सुरक्षेची कवायत. जानेवारी 2012मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाले, त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि आता प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांनी तिचा काही भाग अ‍ॅपवर आणला आहे: सूचनांची चित्रफीत फोनवर पाहायची आणि मग धोक्याच्या वेळी जमण्यासाठी आपल्याला नेमून दिलेल्या जागी प्रत्यक्ष जाऊन नोंद करायची. चित्रफीत पाहिली म्हणजे झाले असे समजू नये; घरातल्या लहान-थोर सर्वांना घेऊन ती जागा पायांनी चालून पाहावी, कारण धोक्याच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा संकेत मुलांनाही पाठ असू द्यावा.

सातवी पायरी: समुद्रावरचे दिवस

मोठ्या कंपन्यांची स्वतःची अ‍ॅप असतात: 'कार्निव्हल हब', 'एमएससी फॉर मी', 'डिस्ने क्रूझ लाइन नेव्हिगेटर', रॉयल कॅरिबियनचे अ‍ॅप. जहाजाच्या वाय-फायला जोडल्यावर ती इंटरनेटचे पॅकेज न घेताही चालतात आणि दिवसभराचे कार्यक्रम, जेवणाच्या जागा, मजल्यांचे नकाशे व आपल्या खात्यावरचा खर्च दाखवतात. हे अ‍ॅप घरूनच उतरवून त्यात लॉग-इन करून ठेवावे, कारण पासवर्ड विसरल्यास त्याचा ओटीपी समुद्रात येणार नाही. कुटुंबातल्या माणसांना आपापसांत संदेश पाठवण्याची सोय काहींत विनामूल्य असते, काहींत शुल्क पडते. प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवर प्रवाशाला नाण्याएवढी चकती मिळते. तिच्याने केबिनचे दार उघडते आणि अ‍ॅपवर आपली माणसे जहाजात कुठे आहेत तेही दिसते. ज्यांच्याबरोबर विसराळू आजी-आजोबा आहेत, त्यांना या सोयीचे मोल कळेल.

घरी राहिलेल्यांसाठी 'मरीनट्रॅफिक' उतरवून द्यावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजे आपली जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत कळवत असतात, आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांनी पकडलेली ती माहिती या अ‍ॅपच्या नकाशावर दिसते. जहाज खोल समुद्रात गेले की विनामूल्य सेवेतली खूण थांबते, कारण उपग्रहावरून मिळणारी जागा पैसे भरणाऱ्यांनाच दिसते. खूण थांबली म्हणून घाबरू नये, हे वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगावे.

रात्री उघड्या डेकवर, दिव्यांपासून दूर एखादा कोपरा सापडला, तर तारे ओळखून दाखवणारे 'स्टेलॅरियम' उघडावे; ते इंटरनेटशिवाय चालते. हिवाळ्यात दक्षिणेला अगस्तीचा तारा पाण्याच्या वर ठळक दिसतो. पडद्याचा उजेड लाल करण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

आठवी पायरी: बंदरावर उतरणे आणि परतणे

उतरण्यापूर्वी परत चढण्याची अंतिम वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि फोनमध्ये तिच्या तासभर आधीचा गजर लावावा. गँगवेच्या पायथ्याशी उभे राहून जहाजाच्या जागेची नकाशावर खूण करावी आणि धक्क्याच्या नावाचा फोटो काढावा. मोठ्या बंदरात अनेक दरवाजे असतात आणि रिक्षावाल्याला नेमका दरवाजा सांगावा लागतो. भारतीय बंदरांवर यूपीआय चालते, श्रीलंकेतही फेब्रुवारी 2024पासून ते सुरू झाले आहे, पण परदेशात आपल्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी चालू करून घ्यावे लागते. थोडी रोकड जवळ असावीच. जहाजावरचा खर्च मात्र केबिनच्या कार्डावर जमा होतो.

शेवटच्या रात्री जेवणानंतर अ‍ॅपमध्ये आपले खाते उघडून एकेक ओळ वाचावी. चुकीची नोंद दिसली तर त्याच रात्री स्वागतकक्षात जाऊन सांगावे, कारण सकाळी तिथे लांब रांग असते. फ्लाइट मोड मात्र जहाज धक्क्याला दोरखंडाने बांधले जाईपर्यंत काढू नये.