दलदलीतली दरोडेखोर टोळी बनवताय? या चुका टाळा

सांगलीत आमचा डी अँड डी चा, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा, ग्रुप रविवारी बसतो, डीएम (गोष्ट सांगणारा, खेळ चालवणारा) मीच असतो, आणि दलदलीतली टोळी मी आत्तापर्यंत तीनदा बनवलीय. पहिल्या दोन फसल्या. म्हणजे प्लेअरनी पाऊण तासात त्या संपवल्या आणि पुढच्या रविवारी कुणाला त्यातलं एक नावसुद्धा आठवत नव्हतं. नंतर नीट बसून बघितल्यावर कळलं की दोन्ही वेळा मी जंगलातली टोळी उचलून चिखलात नेऊन ठेवली होती, बाकी काहीच बदललं नव्हतं.

पाणी एका जागी थांबलेलं दाखवणं

ही सगळ्यात मोठी चूक. दलदल म्हणजे एक हिरवट नकाशा आणि त्यावर 'इथं हळू चालता येतं' एवढा एकच नियम, असं बरेच जण करतात. अरे आपण कृष्णाकाठची माणसं, आपल्याला तरी हे सांगायला लागू नये. आयर्विन पुलापाशी 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमधे पाणी 57 फुटाच्या वर गेलं तेव्हा ज्या गल्लीतनं रोज गाडीवरनं जायचो तिथनं बोटी फिरत होत्या. गाव तेच, पण रस्ता कुठला आणि बेट कुठलं हे चार दिवसात सगळं बदललं.

टोळीचा सगळा जोर ह्याच्यात असतो, की पाणी किती चढलं की कुठली वाट बंद होते हे त्यांना माहितीय आणि सरदाराच्या शिपायांना नाही. म्हणून अड्ड्यात खुणा केलेला एक खांब रोवा आणि तीन पातळ्या ठरवा. पाणी खाली असलं की बांधावरनं बैलगाड्या सरळ जातात, शिपाई पण येतात, तेव्हा टोळी आत दडून मासे मारत बसते. मधल्या पातळीला बांध मधेमधे बुडतो, गाडीवानाला माल उतरवून होडीत भरायला लागतो, आणि लूट नेमकी तिथंच होते. वरच्या पातळीला टोळीचेच उंचवटे पाण्याखाली जातात आणि पोरंबाळं घेऊन ती त्याच गावाच्या देवळात आसऱ्याला येते ज्या गावाकडनं वर्षभर हप्ता घेतलाय. हा प्रसंग मी तिसऱ्या टोळीत खेळवला. कुणी तलवार काढली नाही, दोन तास नुसतं बोलणं चाललं, आणि आमच्या साताऱ्याहून येणाऱ्या मित्राचा पॅलाडिन (त्याचं धर्मयोद्ध्याचं पात्र), जो कायम आधी मारतो मग विचारतो, तो भाकरी वाटत बसला होता.

टोळी खाते काय, हे न ठरवणं

दलदलीत श्रीमंत व्यापाऱ्यांचा तांडा रोज कशाला येईल? तिथं येतात ते मासे धरणारे, मध काढणारे, लव्हाळा कापणारे. सुंदरबनात डाकू होते ते काय करायचे, तर मासेमार आणि मध गोळा करणारे पळवायचे आणि घरच्यांकडनं खंडणी घ्यायचे. 2016 पासनं तिथल्या टोळ्या शरण यायला लागल्या आणि 1 नोव्हेंबर 2018 ला बांगलादेश सरकारनं सुंदरबन डाकूमुक्त जाहीर केलं. म्हणजे गरीब माणूसच गरिबाला लुटत होता, आणि हे टेबलावर मांडलं की प्लेअरना आपोआप प्रश्न पडतात.

मग लुटलेला माल विकत कोण घेतं तेही ठरवा. ओलं धान्य चार दिवसात मोडं धरतं, मीठ पाणी सुटून जातं. काठावर एखादा दुकानदार पाहिजेच जो अर्ध्या भावात माल उचलतो, आणि माझ्या मते तो म्होरक्यापेक्षा जास्त मेहनत घेऊन लिहावा.

'वाईट आहेत म्हणून लुटतात'

एवढ्यावर टोळी उभी राहत नाही. आपल्याच भागातलं बघा, रामोशी समाजाकडं गडकिल्ल्यांची आणि गावांची रखवाली होती, 1818 नंतर इंग्रजांनी किल्ल्यांवरची ती कामं काढून घेतली, पोट तुटलं आणि उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. इंग्रजांनी त्यांना दरोडेखोर ठरवून 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी दिलं, आपण त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतो. तर टोळी बनवताना पहिला प्रश्न हा विचारा की ह्या माणसांचं कुठलं काम कुणी काढून घेतलं. माझ्या टोळीत सगळे जुने नावाडी आहेत. राजानं दगडी पूल बांधला, व्यापाऱ्यांची सोय झाली, आणि पिढ्यानपिढ्या उतार दाखवणाऱ्यांची नाव काठाला कुजत पडली. म्होरकी एक म्हातारी नावाडीण आहे, तिला सगळे आक्का म्हणतात, आणि पुलावरनं आलेल्या मालालाच हात लावायचा हा तिचा नियम आहे.

खजिना जमिनीत पुरणं

दलदलीत दोन हात खणलं की पाणी लागतं. हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, असायची, तिथली जमीन तशी आहे म्हणून हळद खाली वर्षानुवर्षं टिकायची, तरी 2005 च्या पुरात पेवात पाणी शिरून हळदीचं केवढं नुकसान झालं. मग चिखलात पेटी पुरून ठेवणारी टोळी कुणाला पटेल? माल झाडावर टांगा, होडीच्या तळाशी बांधा, नाहीतर गावातल्या सात घरात वाटून ठेवा. शेवटचं सगळ्यात चांगलं, कारण मग गाव गप्प का बसतं ह्याचं उत्तर पण मिळतं.

लढाई रटाळ होते, काय करू?

हे मला सारखं विचारतात. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमात अवघड जमिनीवर 30 फुटाची चाल 15 वर येते, आणि साधा बँडिट (दरोडेखोर) म्हणजे 11 हिट पॉइंट (तेवढा मार बसला की तो पडतो), एक वाकडी तलवार आणि हलका क्रॉसबो. त्याला पण चिखलातनंच चालवलं तर दोन्हीकडचे नुसते रुतत बसतात. त्याला चालवूच नका. काहिलीत बसवा, हो तीच गुऱ्हाळातली काहील, आपल्याकडं पूर्वी लोक तिच्यातनं नदी ओलांडायचे, नाहीतर भोपळ्यांच्या सांगडीवर. क्रॉसबो 80 फुटापर्यंत नीट लागतो, तेवढ्या अंतरावरनं दोन बाण मारून लव्हाळ्यात गायब. त्यांना जिंकायचं नसतंच, प्लेअरची होडी उलटली की त्यांचं काम झालं. आणि चिलखत घालून पाण्यात पडल्यावर काय होतं हे प्लेअरना आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर भांडणं होतात आणि ती बरोबरच असतात.

मगरी पाळीव करू नका. कृष्णेत मगरी आहेत, थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, उन्हाळ्यात काठालाच खड्डा करून अंडी घालतात. टोळी त्यांना हुकूम देत नाही, फक्त अंड्यांचा काठ कुठला हे तिला माहिती असतं आणि पाठलाग करणाऱ्यांना ती मुद्दाम त्या काठानं नेते.

प्लेअरना अड्डा सापडतच नसेल तर धूर द्या. ओल्या लाकडाचा धूर लपत नाही, आणि मासे सुकवायला कुठंतरी कोरडी उघडी जागा लागतेच. आणि प्लेअर म्हणाले की आपण लव्हाळा पेटवून देऊ, तर पावसाळ्यात तो पेटणार नाही हे सरळ सांगा, पण उन्हाळा असेल तर अडवू नका, पेटवू द्या. दुसऱ्या दिवशी काठावरच्या बायका विळे घेऊन छपरासाठी लव्हाळा कापायला येतील तेव्हा तिथं नुसती राख असेल, आणि आक्काला लपायला गावात सात घरं होती तिथं वीस होतील.