बाळाच्या स्वेटरचा गळा: ताणली जाणारी कड कशी बंद करावी

कोल्हापूरची थंडी फार दिवस टिकत नसली, तरी रंकाळ्याकाठच्या सकाळच्या वाऱ्यात तान्ह्या बाळाला स्वेटर लागतोच, आणि घरी विणलेला स्वेटर बहुधा गळ्यातच अडतो. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. एक सुलट, एक उलट अशी विणलेली गळ्याची पट्टी चांगली ताणली जाते. परंतु एक टाका दुसऱ्यावरून ओढून बंद केलेली नेहमीची कड मात्र तितकी ताणली जात नाही. हात सैल ठेवला की भागते, असे पुष्कळदा सांगितले जाते, पण त्याने कड एकसारखी येत नाही. प्रत्येक टाक्याला जादा धागा मिळवून देणारी पद्धतच मला अधिक खात्रीची वाटते.

पट्टी १० नंबरच्या सुयांवर (३.२५ मिमी) विणली असेल, तर बंद करताना उजव्या हातात ८ नंबरची (४ मिमी) सुई घ्यावी. या नंबरांत आकडा जितका लहान तितकी सुई जाड, हे महाद्वार रोडला सुया घ्यायला गेल्यावर ध्यानात ठेवावे. कडेच्या लांबीच्या किमान पाचपट लोकर शिल्लक असावी.

पहिले दोन टाके विणीप्रमाणे, सुलट ते सुलट आणि उलट ते उलट, विणावेत. उलट टाक्यानंतर धागा पुढे राहतो. तो दोन सुयांच्या मधून मागे न्यावा, कारण इथेच बहुतेकांचे चुकते. मग उजव्या सुईवरच्या दोन्ही टाक्यांत डाव्या सुईचे टोक समोरून, डावीकडून उजवीकडे घालावे, मागे राहिलेल्या उजव्या सुईवर धागा घ्यावा आणि तो दोन्हींतून एकदम ओढून काढावा. दोहोंचा एक टाका होतो. पुढचा टाका विणीप्रमाणे विणून हीच कृती शेवटपर्यंत करावी, धागा तोडून शेवटच्या टाक्यातून ओढून घ्यावा.

टोक लपवण्याआधी कड दोन्ही हातांनी पूर्ण ताणून पाहावी. पट्टीच्या आधी कड अडत असेल, तर उसवून आणखी जाड सुईने बंद करावी. खांद्याची शिवण घालतानाही धागा आवळू नये. लोकर ॲक्रिलिकची असेल, तर पट्टीवर गरम इस्त्री किंवा वाफ मुळीच देऊ नये, कारण त्याने विणीची लवचीकता कायमची जाते.