शुगर तपासायला जाण्याआधी

तपासणी सकाळची असली तरी तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. जेवण नेहमीचंच ठेवा. उद्या रक्त द्यायचंय म्हणून अर्धपोटी झोपणारी माणसं मी घरातच पाहिली आहेत. आकडा देखणा येतो आणि डॉक्टर त्याच आकड्यावर डोस ठरवून मोकळे होतात. एचबीएवनसी, म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी तपासणी, मात्र एका रात्रीच्या सोवळेपणाला फसत नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचा हिशेब तिथे आधीच चढलेला असतो. तिच्यासाठी उपाशी राहायचीही गरज नाही.

उपाशीपोटीच्या साखरेला किमान 8 तास काही खाल्लेलं नको. साधं पाणी खुशाल प्या. चहा-कॉफी बिनसाखरेचीसुद्धा नको. सकाळच्या गोळीचं आणि इन्सुलिनचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. मनाने बंद करू नका. पिशवीत ग्लुकोज किंवा साखर हवीच. घाम, थरथर जाणवली तर लगेच ग्लुकोमीटरवर, म्हणजे बोट टोचून साखर मोजायच्या यंत्रावर बघा. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासणी राहिली तर राहू द्या.

जेवणानंतरच्या तपासणीत हमखास चुकतं ते घड्याळ. 2 तास मोजायचे पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. खाणं रोजचंच, त्यासोबतची औषधंही रोजचीच.

हिमोग्लोबिन कमी आहे, अलीकडे रक्त चढवलंय, किडनीचा त्रास आहे किंवा गर्भारपण आहे, तर न विचारताही सांगा. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते. अशा वेळी डॉक्टर फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी सुचवू शकतात. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते. स्टेरॉइड चालू असेल किंवा नुकताच ताप येऊन गेला असेल, तर तेही सांगा.

रक्त घेताना जरा नळ्यांकडे बघा. साखरेसाठी बहुधा राखाडी टोपणाची असते. तिच्यातलं फ्लोराइड रक्तपेशींना साखर खाण्यापासून रोखतं, नाहीतर नळी नुसती पडून राहिली तरी आकडा घसरत जातो. जांभळ्या टोपणाची एचबीएवनसीसाठी.

घरचा ग्लुकोमीटर सोबत असेल तर उपाशीपोटीचं रक्त दिल्याबरोबर बोट टोचून आकडा टिपून ठेवा. लॅबच्या आकड्यापेक्षा 15 टक्क्यांच्या आत फरक असेल तर मीटर ठीक चाललाय.