होडीतून खाडीची कड धरून कसं गरवावं (गळाने मासे कसे धरावेत)

तांबोशी आणि जिताडा हे मासे खाडीभर शोधत फिरू नका. उथळ वाळू संपून पात्र एकदम खोल होतं, त्या कडेखाली ते दबा धरून असतात आणि ओहोटीबरोबर उतरणारी कोळंबी टिपतात. दाभोळच्या खाडीत ही कड बहुधा वाशिष्ठी नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला मिळते. बांबू टोचत जा. तळ हाताला लागेनासा झाला की आलात कडेवर. वाळूउपशाने कड सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीची खूण कामाची नाही.

‘उधाणालाच मासा लागतो’ हा सल्ला छोट्या होडीला लागू नाही. अष्टमी ते दशमी धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. म्हणजे ओहोटी सकाळीच मिळते आणि भांगाचं (अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीचं) पाणी फार ओढत नाही.

खरी मेख नांगरात आहे. आधी कडेवर रिकामी बाटली शिसं बांधून सोडा. मग पाण्याच्या वरच्या अंगाला जा, कडेच्याच रेषेत नांगर हळू उतरवा (भिरकावू नका) आणि दोर सोडत मागे या. चार मीटर पाण्याला वीस मीटर दोर, त्याहून कमी नाही. लोक आखूड दोर देतात आणि नांगराला शिव्या घालतात! होडी बाटलीशेजारी आली की काठावरचा एक माड आणि त्याच्या मागचं एखादं छप्पर एका रेषेत धरून ठेवा. रेष मोडली की नांगर घसरतोय.

दोर नेहमी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. मागे बांधलात तर ओढीचं पाणी सरळ आत चढतं. होडी हलू नये म्हणून दोन्ही टोकांना नांगर टाकायला सांगणारे भेटतील, ऐकू नका. ओढ फिरली की होडी आडवी सापडते.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, ओहोटी पश्चिमेकडेच जात असते. वारा होडीला उलट ढकलतो, दोर सैल पडतो, होडी कडेवरून भरकटते आणि गळ दोरात गुंततात. तेव्हा नांगर उचला, घरी जा.

गरवणं सोपं आहे. जिवंत कोळंबी शेपटीत ओवा, तळाला जेमतेम टेकेल एवढंच शिसं लावा, ओढीबरोबर कडेवरून खाली जाऊ द्या. तांबोशीने ओढलं की लगेच ताण द्या, नाहीतर ती खडकात शिरते.

दाभोळ–धोपावे फेरीबोटीच्या वाटेत नांगरू नका. चिपळूणकडे सरकलात तर पाण्यात मगरी आहेत. मासे होडीतच धुवा.